चांदीचा फोटो, रंगाचा फोटो, शाईचा फोटो

माढा तालुक्यात बचत गटाच्या बैठका घरोघरी होतात, तेव्हा भिंतीवरचे फोटो दिसतात. आजी-आजोबांचा काळा-पांढरा फोटो अजून स्पष्ट असतो, पण आई-वडिलांच्या लग्नाचा रंगीत फोटो लालसर पडलेला असतो. नंतर काढलेला फोटो आधी का विटतो?

काळ्या-पांढऱ्या फोटोतला काळा भाग म्हणजे चांदीचे बारीक कण. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनी १९४७ चा स्वातंत्र्यसोहळा टिपला, तो अशाच फोटोंत. रंगीत फोटोतली चांदी मात्र धुताना निघून जाते. मागे राहतात निळसर, किरमिजी आणि पिवळा असे तीन रंग. ऊन आणि उष्णता यांनी ते उडतात. जुन्या कागदांवरचा निळसर रंग बहुधा आधी जायचा, म्हणून फोटो लाल दिसतो.

हे फोटो डार्करूममध्ये तयार होत. काळ्या-पांढऱ्याला लाल दिवा चाले, रंगीत कागदाला जवळजवळ पूर्ण काळोख लागे. निगेटिव्हमधून कागदावर उजेड पाडायचा, कागद कोमट रसायनांतून काढायचा, धुवायचा, वाळवायचा. चेहरा पिवळट आला तर फिल्टर बदलून सगळं पुन्हा पहिल्यापासून.

इंकजेट प्रिंटरला काळोख लागत नाही. शाईचे अगदी बारीक थेंब कागदावर पडतात. रंग आधीच पडद्यावर सुधारता येतो आणि दहावी प्रतही पहिलीसारखीच निघते. पण दुकानात एक विचाराच: शाई कोणती? डाय शाई चकचकीत दिसते, पण ओल लागली की पसरू शकते आणि उन्हा-वाऱ्याने लवकर विटते. पिगमेंट शाई महाग पडते, पण जास्त टिकते. डिजिटल म्हणजे कायमचा, असं समजू नका.

गटाचं कर्ज काढून प्रिंटर घ्यायचा असेल, तर फक्त यंत्राची किंमत बघू नका. शाई, फोटोचा कागद, वाया गेलेली पानं, सगळं वहीत मांडा. प्रिंटर बरेच दिवस बंद राहिला तर शाई आत सुकते आणि तो अडतो. रोजचं काम मिळणार असेल तरच पाऊल टाका.

घरच्या जुन्या फोटोंचं काय? ते आत्ताच स्कॅन करून दोन ठिकाणी साठवा. निगेटिव्ह टाकू नका, त्यावरून पुन्हा फोटो निघतो. फोटो उन्हाच्या भिंतीवर किंवा पत्र्याखालच्या ट्रंकेत ठेवू नका, आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहेच. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकटच स्कॅन करा.

कितीतरी घरांत आईचा एकच फोटो असतो. तो गेला तर नातवंडांना आजीचा चेहरा दाखवायला काही उरत नाही. पुढच्या बैठकीला वहीसोबत असा एक फोटो घेऊन या. कुणाचा आधी स्कॅन करायचा, ते मिळून ठरवू.