कॅन्सरचा डॉक्टर म्हणजे नेमका कोण?



शाळेच्या आठवणी इतरांनी सांगितल्याच आहेत, मी माझ्या कामाचंच बोलतो. आपल्या ग्रुपवर अधूनमधून कुणाचा तरी रिपोर्ट येतो आणि खाली प्रश्न असतो, "अरे, कॅन्सरचा चांगला डॉक्टर सांग."

असा एक डॉक्टर नसतो. गाठ काढतो तो कॅन्सर सर्जन, मी त्यातला. केमो देतो तो मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट. रेडिएशनवाला वेगळा, ज्याच्या उपचाराला गावाकडे 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात. आणि चौथा पॅथॉलॉजिस्ट. त्याला पेशंट कधी बघत नाही, पण आजाराचं नाव तोच ठरवतो.

कधी आधी ऑपरेशन, तर कधी आधी केमो देऊन गाठ लहान करायची आणि मग ऑपरेशन. हा क्रम सगळ्यांनी मिळून सुरुवातीलाच ठरवायचा असतो. त्या बैठकीला ट्यूमर बोर्ड म्हणतात. "माझी केस तिथे ठेवली का?" असं खुशाल विचारा, कोणी रागावत नाही. (रागावला तर डॉक्टर बदला.)

आपल्यातल्याच एकाच्या बायकोच्या छातीतली गाठ एका दवाखान्यात घाईने काढली आणि तपासायला न पाठवता टाकून दिली. ती माझ्याकडे आली तेव्हा हातात फक्त टाक्यांचा व्रण होता. आजार कोणत्या प्रकारचा, कोणतं औषध लागू पडेल, हे सांगणारा पुरावाच गेला होता. म्हणून आधी सुईची बायॉप्सी, मग ऑपरेशन. "सुई लावली की पसरतो" ही स्तनाच्या गाठीबाबतची भीती खोटी आहे.

दाखवायला जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका. लॅबमधून काचेच्या स्लाइड्स आणि मेणातले ब्लॉक मागून घ्या. स्कॅनची सीडी, चालू गोळ्या आणि ऐकून लिहून घेणारं एक माणूस सोबत हवं. रेशनकार्ड, आधारही ठेवा. महात्मा फुले योजनेत पुष्कळ खर्च भागतो.

परळचं टाटा 1941 पासून आहे, गर्दीही तेवढीच. तिथे सल्ला घेऊन उपचार घराजवळ घेता येतात. नॅशनल कॅन्सर ग्रिडमुळे अनेक रुग्णालयं एकाच धर्तीच्या मार्गदर्शक पद्धतीने चालतात.

तंबाखू, मिश्री लावणाऱ्यांनो, तोंडातला फोड तीन आठवड्यांत भरला नसेल तर जेवणानंतर दहावी 'ब'च्या वर्गात या. टॉर्च आणलाय. दार लावून घेईन.