परभाषा शिकाल, मग मराठीत काय आणाल?



आज पदवी घेतलेल्या तुमच्यातले काही जण लवकरच पुण्या-मुंबईला जर्मनच्या नाही तर जपानीच्या वर्गात जाऊन बसतील. म्हणून आज परकीय भाषांच्या विद्यापीठांविषयी बोलतो. ती साहित्यप्रेमातून निघाली असा समज असेल तर तो इथेच सोडा. अनेकांच्या मुळाशी भीती तरी आहे, नाही तर व्यापार.

टोकियोचेच पाहा. १८५३ मध्ये अमेरिकन आरमाराची काळी जहाजे जपानच्या किनाऱ्याला लागली आणि शोगुनचे सरकार हादरले. पाश्चात्त्यांचे ग्रंथ वाचता आल्याखेरीज निभाव लागायचा नाही, हे ओळखून सरकारने भाषांतराची आणि अध्यापनाची एक संस्था काढली. ती सुरू झाली १८५७ मध्ये. त्याच वर्षी इकडे मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. टोकियोचे परकीय भाषा विद्यापीठ आपली वंशावळ तिथपासून सांगते. पुढे १८७३ मध्ये परकीय भाषांची शाळा निघाली आणि १८८१ मध्ये फुताबातेई शिमेई हा तरुण तिथे रशियन शिकायला आला. रशियापासून देशाला धोका आहे, तेव्हा त्यांची भाषा यायलाच हवी, एवढाच त्याचा हिशेब. पण वर्गात रशियन कादंबऱ्या हाती आल्या आणि गडी वाङ्मयात अडकला. त्याने तुर्गेनेव्ह जपानीत आणला. १८८७ मध्ये त्याची ‘उकिगुमो’ प्रसिद्ध होऊ लागली. जपानची पहिली आधुनिक कादंबरी म्हणून ती ओळखली जाते. सरकारला हवा होता दुभाषा, जपानीला मिळाला कादंबरीकार!

आपल्याकडे हैदराबादला १९५८ मध्ये केंद्रीय इंग्रजी संस्था निघाली. १९७२ मध्ये तिच्या नावात परकीय भाषा आल्या आणि २००७ मध्ये ती केंद्रीय विद्यापीठ झाली. दिल्लीत १९६५ मध्ये, सोव्हिएत मैत्रीच्या भरात, रशियन अभ्यासाची संस्था उभी राहिली. ती नंतर जेएनयूत सामील झाली. महाराष्ट्राला मात्र आधार पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागाचा, म्हणजे फर्ग्युसन रस्त्यावरच्या ‘रानडे’ इन्स्टिट्यूटचा. तिथे कॉलेजातल्या पोरांच्या शेजारी नोकरदार माणसे बसून धातूंची रूपे घोकतात. बहुतेकांना नोकरी हवी असते. हवीच, त्यात कमीपणा कसला?

कोकणालाही ही गरज आता दारातच आहे. जपानने भारतीय आंब्यावरची बंदी २००६ मध्ये उठवली, पण फळमाशीच्या धास्तीने उष्ण बाष्प प्रक्रियेची अट घातली. प्रक्रिया नीट होते की नाही हे पाहायला जपानी निरीक्षक यायचे. त्यांच्याशी थेट जपानीत बोलेल असे बागायतदाराच्या घरातले कोणी का असू नये?

परभाषा रत्नागिरीला तशी नवी नाही. १८८६ ते १९१६ अशी तीस वर्षे ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा इथे होता, त्याच्या घरात बर्मी बोलली जात होती. त्याची नात टुटू इथेच वाढली, मराठी बोलत इथेच म्हातारी झाली. त्यांनी आपली मराठी घेतली. आपण? थिबाचा राजवाडा बघायला पाहुण्यांना हौसेने नेतो, पण बर्मी साहित्य मराठीत आजही दुर्मीळ आहे. याउलट मॉस्कोत बसून अनिल हवालदारांनी रशियन पुस्तके मराठीत आणली, आणि मराठी घरांतली मुले ती वाचत मोठी झाली.

तेव्हा खुशाल ओसाकाला जा, म्युनिकला जा, चांगला पगार घ्या. पण तिथली एखादी कथा, एखादा लेख दरवर्षी मराठीत आणा, आणि तोही इंग्रजीचा आडरस्ता न घेता, थेट मूळ भाषेतून. संस्थाचालकांनाही एक विनंती आहे. स्वतंत्र विद्यापीठ होईल तेव्हा होईल. तोवर संध्याकाळी रिकाम्या राहणाऱ्या दोन वर्गखोल्या जपानी आणि जर्मनसाठी उघडून द्या. शिक्षक पुण्याहून आणावा लागला तरी चालेल.