बत्तीस हजार बाइटांचे दप्तर
(व्याख्यानाचा मजकूर)



नळपाणी योजनेच्या पंपाशेजारी बसविलेल्या एखाद्या लहानशा नियंत्रकाचा विचार करावा. पंप केव्हा सुरू करावयाचा आणि टाकीतील पाणी कोणत्या खुणेस लागल्यावर तो थांबवावयाचा, हे वीज जाऊन आल्यावरही त्याला आठवावे लागते. अन्यथा टाकी कोरडी राहते किंवा भरून वाहते. ही आठवण जपणारी चिप म्हणजे ईईप्रॉम होय. २४एलसी२५६ या प्रचलित चिपमध्ये ३२,७६८ बाइट मावतात.

एवढ्याशा जागेतही दप्तर लावावे लागते. त्यासाठी सर्व फाइली संगणकावर एकत्र बांधून एक प्रतिमा तयार करतात व तीच चिपमध्ये उतरवितात. लिनक्समधील रोमएफएस ही रचना यासाठी सोयीची आहे. जेनरोमएफएस या साधनाला फाइलींचा संग्रह दाखविला की प्रतिमा सिद्ध होते. आरंभी आठ अक्षरांची ओळखखूण, मग एकूण आकार, नंतर पडताळा-बेरीज आणि संग्रहाचे नाव, असा क्रम असतो. पुढे प्रत्येक फाइलीच्या शीर्षात पुढील फाइल कोठे आहे याचा पत्ता दिलेला असतो. तारखांची नोंद नाही, मालकीची नाही. सरकारी दप्तराला हे चमत्कारिक वाटेल, पण जागा त्यामुळेच वाचते.

नाव व मजकूर १६ बाइटांच्या पटीत बसविले जातात. रिकाम्या फाइलीसही किमान ३२ बाइट लागतात. मराठी नावे देणाऱ्यांनी येथे सावध असावे. यूटीएफ-८ लेखनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो वा मात्रा, तीन बाइट घेते. ‘विहीर’ हे नाव शेवटच्या शून्यासह नेमके १६ बाइटांत बसते. ‘जलमापन’ मात्र ३२ बाइट अडवून बसते.

चिपवर लेखन ६४ बाइटांच्या पानांनी होते. पानाची हद्द ओलांडली तर उरलेला मजकूर पुढील पानावर न जाता त्याच पानाच्या आरंभी जाऊन आधीचे लेखन पुसतो. ही चूक मुकाट्याने घडते. एका पानास ५ मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागत असल्याने ५१२ पानांना, मजकूर पाठविण्याचा वेळ सोडून, सुमारे अडीच सेकंद लागतात. तेवढ्यात वीज गेली तर प्रतिमा अर्धवट राहते. पडताळा-बेरीज केवळ पहिल्या ५१२ बाइटांचीच असते, म्हणून तिच्यावर विसंबणे योग्य नव्हे. संपूर्ण चिप परत वाचून मूळ प्रतिमेशी ताडून पाहावी.

रोमएफएस केवळ वाचण्यासाठी आहे. पंप किती वेळ चालला यासारख्या बदलत्या नोंदी प्रतिमेबाहेर राखीव जागेत ठेवाव्यात. चिपची लेखनक्षमता दहा लाख वेळांची सांगितली जाते. दर मिनिटास एकाच ठिकाणी लिहिल्यास ती दोन वर्षांच्या आतच संपते. यास्तव नोंदींसाठी अनेक जागा राखून आळीपाळीने लिहावे व प्रत्येक नोंदीस अनुक्रमांक द्यावा. लिहिता लिहिता वीज गेली, तरी मागील नोंद शाबूत राहते.