चांद्रगाडी आणि आपली लोणारची सहल
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळाची लोणारची सहल आपणां सर्वांस आठवत असेल. तिचा कार्यक्रम मी एकटीनेच आखला होता. सकाळी दैत्यसूदनाचे दर्शन, मग विवरात उतरून कमळजादेवी, आणि भर दुपारी चढण! त्या उन्हात आपल्यातील एका आजीबाईंना घेरी आली. कागदावर वेळ चोख बसली होती. पायांतले बळ मात्र मी कुणालाच विचारले नव्हते.

लोणार हे काळ्या पाषाणात उल्का आदळून झालेले विवर. चंद्रावर अशी विवरे असंख्य आहेत. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ तेथे उतरले. त्यातील ‘प्रज्ञान’ गाडी अवघी २६ किलोची, उन्हाच्या विजेवर चालणारी. कामाला चंद्राचा एकच दिवस, म्हणजे आपले सुमारे १४ दिवस. २७ ऑगस्टला तिच्यापुढे ३ मीटरांवर ४ मीटर रुंदीचा खड्डा दिसला. तिला मागे फिरण्याची आज्ञा झाली, आणि ती नव्या वाटेने सुखरूप गेली. मागे फिरण्यात कमीपणा नसतो, हे मला तेव्हा पटले.

मंगळावरचे काम आणखी अवघड. तेथे निरोप पोहोचावयास ३ ते २२ मिनिटे लागतात. म्हणून दिवसभराची कामे आधीच लिहून धाडावी लागतात. शास्त्रज्ञ म्हणतो, हा दगड पाहू, तोही पाहू. अभियंता म्हणतो, वीज पुरणार नाही, चाक रुतेल. दोघांचेही खरेच! २००४ साली उतरलेल्या ‘स्पिरिट’ व ‘ऑपॉर्च्युनिटी’ या गाड्यांसाठी नासाने ‘मॅपजेन’ नावाची संगणक-प्रणाली वापरली. कोणते काम केव्हा बसते, कोणती दोन कामे एकत्र जमत नाहीत, हे ती पडद्यावर मांडून दाखवी. परंतु काय ठेवावयाचे आणि काय सोडावयाचे, हे माणसेच ठरवीत.

एकाची अडचण दुसऱ्याला वेळेवर दिसावी, हेच अशा प्रणालीचे मर्म. घरात तरी निराळे काय असते? सणाचा बेत करणारी एक, आणि शेगडीपुढे उभी राहणारी दुसरी.

भगिनींनो, यंदाच्या सहलीचा कोरा कागद मी दाराशी लावला आहे. किती चालवते, औषधाची वेळ कोणती, घरी केव्हा परतले पाहिजे, हे प्रत्येकीने आपल्या नावापुढे लिहावे. विवरात उतरावयाचे की काठावरूनच पाहावयाचे, ते मग सर्वजणी मिळून ठरवू. पहिले नाव त्या आजीबाईंनी लिहावे, अशी माझी विनंती आहे.