पाण्याखाली जाण्यापूर्वी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आरोग्यावर चार शब्द बोलावेत असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा विषय मीच मागून घेतला. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या केळझरात पाणबुड्यांच्या व्यायामाची चर्चा कशाला, असे पुष्कळ जणींच्या मनात आले असेल. कारण घरचेच आहे. माझ्या धाकट्या जावेची मुलगी मालवणजवळ तारकर्लीस जाऊन स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरण्याची विद्या, शिकणार आहे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची तशी संस्थाच तेथे आहे. हे ठरल्यापासून आमच्या घरात दोन पक्ष पडले. एक म्हणतो, बाईमाणसाला एवढी ताकद कुठली? दुसरा म्हणतो, टाकीतून श्वास मिळतो, मग ताकद हवीच कशाला? माझी सारी नोकरी शाळेत व्यायाम शिकविण्यात गेली, आणि मला दोन्ही पक्ष पटत नाहीत.

भरलेली टाकी साधारण 15 ते 18 किलोंची असते. म्हणजे पाण्याने काठोकाठ भरलेला मोठा हंडाच म्हणा ना! शिवाय कमरेला शिशाची वजने. पाण्यात हा भार जाणवत नाही. पण हलत्या होडीत तो घेऊन उभे राहावयाचे असते, आणि दमून परत येताना शिडीही चढावयाची असते. तेव्हा मांड्या आणि पाठ बळकट हव्यात. डोक्यावर हंडा नि कडेवर कळशी वाहिलेल्या बायकांना ह्याचे भय वाटण्याचे कारण नाही.

खरी परीक्षा छातीची, म्हणजे दमाची आहे. पाण्यात शिरताच त्याच्या दाबाने पायांतील रक्त छातीकडे सरकते आणि हृदयाचे काम वाढते. समोरून प्रवाह आला आणि घाईने दुप्पट वेगाने जाऊ म्हटले, तर पाण्याचा अडथळा चौपट होतो. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट, म्हणून प्रत्येक श्वासाला हवाही दुप्पट खर्ची पडते. धापा टाकणारीची टाकी बघता बघता रिकामी होते.

आपले केळझर म्हणजे महाभारतातील एकचक्रा नगरी, असे आपण मानतो. बकासुराला मारणाऱ्या भीमाच्या ताकदीबद्दल कोणाला शंका नाही. पण गाडाभर अन्न एकट्याने फस्त करणारा तो गडी टाकीतली हवाही तशीच संपविता! येथे दंडाच्या बेटकुळ्या कामाच्या नाहीत. धाप न लागता बराच वेळ संथपणे काम करणारे शरीर पाहिजे, आणि अडचणीच्या वेळेसाठी थोडी ताकद शिल्लक पाहिजे.

प्राणायाम करणाऱ्या भगिनींना एक गोष्ट बजावून सांगते. श्वास कोंडण्याची सवय स्कूबात घातक आहे. वर येताना दाब कमी होतो, छातीतील हवा फुगते, आणि श्वास कोंडलेला असेल तर फुप्फुस फाटू शकते. म्हणून श्वास कधीही रोखावयाचा नाही, हा तेथील पहिला नियम. सावकाश घेणे आणि लांब सोडणे, एवढेच प्राणायामातून उचलावे.

मुलीने तीन महिन्यांपासून तयारी चालविली आहे. पहाटे सिद्धिविनायकाच्या टेकडीची चढउतार. पहिला महिना मोकळ्या हाताने, मग पाठीवर धान्याची पिशवी बांधून, आणि दर आठवड्याला वजन थोडे वाढवून. बैठका आणि सूर्यनमस्कार आहेतच. अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून चालू असताना विदर्भाने ते दुसऱ्याकडून शिकावयास नको. पालथे होऊन कोपरांवर व चवड्यांवर अंग ताठ धरावयाचे, याने पोट व कंबर घट्ट होते. पायांतील पंख गुडघ्यातून नव्हे, मांडीच्या मुळापासून हलवावयाचे असतात, म्हणून तीही सवय जमिनीवर पडून करावी लागते. पोटऱ्या ताणून मोकळ्या ठेवल्या नाहीत तर पाण्यात गोळे येतात.

अडले ते पोहण्यापाशी. पुष्कळ ठिकाणच्या प्राथमिक अभ्यासक्रमात न थांबता 200 मीटर पोहणे आणि 10 मिनिटे तरंगणे आवश्यक धरतात. मुलगी उठून नागपुरास गेली, तर तेथल्या एका तलावावर बायकांची वेळ भर दुपारची! तरी ती शिकली. पण मला विचारावेसे वाटते, विहिरी, नाले आणि धरणे असलेल्या आपल्या भागात मुलांना बाप पोहावयास शिकवितो, मुलींना का नाही? समुद्र राहू द्या, पाय घसरायला विहिरीचा काठ पुरतो.

कोरियाच्या जेजू बेटावरील हेन्यो बायका टाकीवाचून, नुसता दम धरून समुद्रतळाचे शिंपले काढतात. त्यांच्या ह्या परंपरेला 2016 साली युनेस्कोने मानाच्या यादीत स्थान दिले. त्यांतील बहुतेक जणी साठीच्या पुढच्या आहेत. लहानपणी उथळ पाण्यापासून सुरुवात करून, वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यांचे शरीर घडलेले असते.

मात्र दमा, हृदयविकार किंवा रक्तदाब असणारीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्याखाली जाऊ नये. गरोदरपणी तर मुळीच नाही. बुडी मारून आल्यावर त्या दिवशी जड व्यायामही वर्ज्य.

येत्या सोमवारी पहाटे साडेपाचला टेकडीच्या पायथ्याशी मी येणार आहे. समुद्रावर जावयाचे नसले तरी या. पिशवीत पहिल्या दिवशी दोन किलो ज्वारी पुरे. आणि ज्यांना मुलींना पोहणे शिकवावयाचे आहे, त्यांनी नावे चिटणीसबाईंकडे आजच द्यावीत. दहा मुली झाल्या तर आपण तलावाकडे सकाळची वेळ मागू.