आजीचा शनिवार
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आज चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली. मी विदुषी नव्हे. माझे माहेर मुरबाडचे आणि सासर शहापूरचे, इतकीच माझी ओळख तुम्हांस आहे. ती अपुरी आहे, हेच आज सांगावयाचे आहे.

माझी आजी, वडिलांची आई, ठाण्याची. परिचारिका म्हणून ती मुरबाडास आली आणि आमच्या घरची सून झाली. शनिवारी ती चूल पेटवीत नसे. शुक्रवारी सांजेलाच भाकऱ्या थापून ठेवी. शेजारणींना वाटे, मारुतीचा नेम असावा. आजीने कोणाला खोटे ठरविले नाही. घरात सुकट-जवळा येई; तीही रांधून वाढी, पण स्वतः हात लावीत नसे. वर्षातून एकदा पोह्यांत गूळ, खोबरे, वेलची घालून मलिदा करी, सभोवती फळे मांडी आणि एलियाहू हन्नाबीचे नाव घेई.

आजी बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातील ज्यू. नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी त्या समाजाची परंपरागत कथा आहे. तेलाचा घाणा चालवून, शनिवारी तो बंद ठेवणारे हे लोक ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले गेले. केहीम गावचे ते केहीमकर, पेणचे ते पेणकर. भाषा मराठी, नेसणे लुगडे, गळ्यात मंगळसूत्र. ठाण्यात त्यांचे प्रार्थनामंदिर १८७९ पासून उभे आहे.

पण भगिनींनो, सोवळेओवळे तिथेही होतेच. ज्यांच्या वंशात ज्यूेतर स्त्री आली, त्यांना ‘काळे’ म्हणत, बाकीचे ‘गोरे’. दोघांत लग्नव्यवहार होत नसे. पुढे पुष्कळ मंडळी इस्राएलला गेली, तर १९६२ मध्ये तेथील धर्मपीठाने त्यांच्या विवाहाआधी आजी-पणजीपर्यंतची चौकशी सांगितली. मोठे आंदोलन झाले. १९६४ मध्ये तेथील संसदेने हे सर्वार्थाने ज्यूच आहेत असे जाहीर केले, तेव्हा ती अट बदलली. आणि २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी या समाजाची रक्तपरंपरा तपासली, तेव्हा ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे त्यांत भरपूर आढळले. भारतीय वाटा विशेषतः स्त्रियांकडून आलेला. म्हणजे गोऱ्या-काळ्याची भिंत ज्या रक्तावर उभारली, ते रक्त सर्वांचेच मिसळलेले होते!

आपल्या मुरबाड तालुक्यातूनच नाणेघाटाची वाट वर चढते. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणकडून जुन्नरला जाणारा व्यापार त्या वाटेने चाले. जुन्नरच्या लेण्यांत दान देणाऱ्यांत यवनांची नावे कोरलेली आहेत. अशा वाटेच्या पायथ्याशी राहून आपण शुद्ध वंशाचा अभिमान कसा मिरवावा?

आता माझा अपराध सांगते. माझ्या थोरल्या मुलीला स्थळ आले, तेव्हा पाहुण्यांनी विचारले, “आजोळ-पणजोळ कुठले?” मी म्हटले, “सगळे मुरबाडचेच.” खोटे नव्हते, पण खरेही नव्हते. त्या वेळी आजी हयात होती. ओटीवर बसून तिने ते ऐकले. ती काही बोलली नाही. पुढच्या शुक्रवारी मात्र मलाच हाक मारून म्हणाली, “पोरी, उद्याच्या भाकऱ्या तू थाप. माझ्यामागे ठेवील कोण?” मी थापल्या, पण क्षमा मागण्याचे धैर्य झाले नाही.

परवा नात विचारू लागली, “आजी, आपण कोण गं?” तिला मी सारे सांगितले. ती हसून म्हणाली, “मग मलिदा कधी करायचा?”

म्हणून आज अल्पोपाहारात तुमच्यापुढे आलेले पोहे तिखट नाहीत, गोड आहेत. ते माझ्या आजीचे आहेत. तिचे नाव घेऊन आपण ते खावेत, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.