शिक्षा झालीय, परदेशी नोकरीचं काय?

दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल शिक्षा झाली, लायसन्स निलंबित झालं आणि आता परदेशातून नोकरीचं बोलावणं आलंय. जाता येईल का?

आधी पासपोर्ट. 1967च्या कायद्यानुसार, अर्जाआधीच्या 5 वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात किमान 2 वर्षं कैद झाली असेल, तर पासपोर्ट नाकारला जातो. मद्यपान करून गाडी चालवण्याच्या पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त 6 महिने कैद आहे. म्हणजे तेवढ्यावरून ही अट लागू होत नाही. खटला अजून चालू असेल, तर मात्र कोर्टाची परवानगी घ्यावी लागते.

व्हिसाचे नियम वेगळे. कॅनडा डिसेंबर 2018पासून हा गुन्हा गंभीर मानतो; एका शिक्षेवरूनही प्रवेश नाकारला जाऊ शकतो. तरीही ‘पूर्वी शिक्षा झाली आहे का?’ या रकान्यात ‘नाही’ लिहू नका, एजंटने कितीही आग्रह केला तरी. खोटं उघडकीला आलं, तर तिथे 5 वर्षं प्रवेशबंदी होते.

लायसन्स निलंबित असेपर्यंत आंतरराष्ट्रीय परवानाही मिळत नाही, त्यामुळे ड्रायव्हरची नोकरी तूर्त स्वीकारू नका. निकालाची प्रमाणित प्रत आणि दंडाची पावती जपून ठेवा. खरं सांगून केलेला अर्जच तुमच्या हिताचा आहे.